तेलाची धार

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझ्या अंगणात दरवर्षी एक छोटं कार्य असतं. जे पाने, जी पक्कड, जे स्क्रू ड्रायव्हर उद्या धुऊनपुसून पूजेसाठी पाटावर मांडायचे, त्यांना आज रिकामं का बसवायचं, या हिशेबानं मी गाडीचं इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर त्या दिवशी घरीच बदलतो. कोल्हापुरात, कारखान्या-गॅरेजांचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना, हा उद्योग करणारा माणूस शेजाऱ्यांना थोडा विक्षिप्तच वाटतो. गॅरेजात हे काम अर्ध्या तासात उरकतं आणि मला दोन तास लागतात, हेही खरं. पण बंदिशीचं नोटेशन पाच मिनिटांत वाचून होतं म्हणून कोणी मैफलीला जायचं थांबत नाही. तेव्हा आपण आज ही दोन तासांची मैफल जरा सावकाश ऐकू या.

आरंभ उबेनं होतो. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करायचं, म्हणजे तेल कोमट होऊन सैलावतं. कढत मात्र नको, कारण पुढे आपला हात त्याच्या वाटेत येणार असतो. गाडीचं तोंड जॅकनं उचलायचं, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीच जायचं नाही. दोन्ही बाजूंना पक्के स्टँड द्यायचे, मागच्या चाकांना दगड लावायचे आणि मग पोत्यावर पाठ टेकून आत सरकायचं. बाहेरून जिला आपण रंगानं आणि नंबरनं ओळखतो, ती गाडी खालून निराळीच भेटते. गेल्या पावसाळ्यातल्या घाटाची तांबडी माती तिथे वाळून बसलेली असते, नळ्या एकमेकींना ओलांडून गेलेल्या असतात, आणि या साऱ्याच्या तळाशी, ज्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात त्या पत्र्याच्या परातीत, अगदी सखल जागी एकच बोल्ट बसवलेला असतो. वरचा प्रत्येक थेंब शेवटी त्याच्याकडेच उतरावा, अशी ही रचना. वाड्याच्या चौकातल्या मोरीसारखी: साऱ्या छपरांच्या पागोळ्या जिथे येतात, ती जागा बांधणाऱ्यानं आधी ठरवलेली असते.

सतरा नंबरचा रिंग पाना त्या बोल्टवर चढवून एक हिसका दिला की बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो, आणि इथे पान्याचं काम संपतं. पुढचे आटे बोटांनी सोडवायचे, तेही बोल्ट वरच्या बाजूला रेटून धरत. असा रेटलेला बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत तेलाला आतच थोपवून धरतो. एकेक फेरा बोटांना मोजता येतो. मग एका क्षणी आधार सुटल्यासारखा वाटतो, बोल्ट हातात अधांतरी होतो, आणि हात चपळाईनं मागे घेतला तर मनगटावर एक थेंबही पडत नाही. लहानपणी आमच्या गल्लीत गॅरेज चालवणारे एक म्हातारे मिस्त्री म्हणायचे, “आटं बोटास्नी कळत्यात, पान्याला न्हाई. पान्याला निस्ता जोर कळतोय.” बोल्ट परत लावताना या वाक्याची खरी किंमत कळते. आधी पान्यानं लावायला जाल, तर आटा आट्यावर चढतो आणि चेंबरचे आटे कायमचे जातात. बोटांनी लावाल, तर बोल्ट आपली वाट आपणच शोधतो, आणि मग नव्या वायसरवर पान्याचा बेताचा एकच ताण पुरतो.

आता धार पाहा. पहिल्या क्षणी ती चेंबरातून तिरकी, अंगठ्याएवढी जाड उसळते आणि घमेल्याच्या पलीकडच्या कडेवर पडते. आतली पातळी उतरते तसा तिचा जोर ओसरतो, कमान आक्रसत जवळ येते, आणि घमेलं हळूहळू अलीकडे ओढत राहावं लागतं. मग ती सरळ होते, सुतळीएवढी होते, दोऱ्याएवढी होते, आणि त्या दोऱ्याचे थेंब होतात. दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. घाईचा माणूस इथे बोल्ट लावून टाकतो. पण रसिकानं या थेंबांपाशी दहा मिनिटं थांबावं.

घमेल्यात साचलेलं ते तेल काळंभोर दिसतं. त्यात काडी बुडवून ती उन्हात धरली, तर कडेला ओघळणारा पातळ पदर कोऱ्या चहासारखा तपकिरी चमकतो. आपण सहज म्हणतो, तेल काळं झालं, म्हणजे खराब झालं. या रंगाचा अर्थ इतका सरळ नाही. इंजिनात ज्वलन होतं तिथे काजळी होणारच. ही काजळी धातूवर बसू नये, तिचा गोळा होऊन तेलाची वाट बुजू नये, म्हणून तेलात अशी द्रव्यं मिसळलेली असतात, जी काजळीच्या कणाकणाला वेढून आपल्यात तरंगत ठेवतात. काळं झालेलं तेल म्हणजे दुसऱ्याचा मळ आपल्या अंगावर घेतलेलं तेल. तेव्हा नुसत्या काळ्या रंगानं काळजी करू नये. त्याची थकण्याची कारणं डोळ्यांना दिसत नाहीत: उष्णतेनं ते आंबत जातं, मिसळलेली द्रव्यं संपत येतात, न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी त्यात उतरतं. म्हणून दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. ताशी साठच्या वेगात इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला एक किलोमीटर या हिशेबानं दहा हजार किलोमीटरांत दोन कोटी फेरे झाले. घमेल्यातल्या तीन-सव्वातीन लीटरनं ते सोसलेले असतात.

सोसलेले म्हणजे नेमकं काय, हे पाहायला आपल्याला घडीभर लंडनला जावं लागेल. तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशँप टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. तेल घालण्यासाठी त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागल्यावर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं. त्यानं बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकली. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि त्या दाबावर सगळा भार तरंगत राहतो, हे त्या उडालेल्या बुचानं सांगितलं. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्सनं याचंच गणित मांडलं. आपल्या गाडीतला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य आस, तोही असाच बेअरिंगमध्ये फिरतो. धातूला धातू लागतच नाही. मध्ये केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असा तेलाचा पडदा असतो आणि क्रँक त्या पडद्यावर पोहत असतो.

संस्कृतानं तेलाला आणि मायेला ‘स्नेह’ हा एकच शब्द दिला, तो मला इथे आठवतो. वैशेषिकांनी आपल्या गुणांच्या यादीत स्नेहाला जागा दिली, आणि भुकटीचा गोळा बांधून ठेवणारा गुण अशी त्याची ओळख करून दिली. परातीत पीठ मळणाऱ्या हातांना ती लगेच पटेल. पण गाडीखाली पडलेल्या माणसाला स्नेहाचं दुसरं अंग दिसतं. तिथे स्नेह क्रँक आणि बेअरिंग या दोघांना जोडत नाही. इतक्या जवळ असूनही एकमेकांना घासू देत नाही, एवढंच करतो. दोन कोटी फेरे दोघं शेजारी राहतात आणि झिजत नाहीत, ते मधल्या त्या पदरामुळे. गोळा बांधणारा स्नेह आणि अंतर राखणारा स्नेह, दोन्ही एकाच शब्दात मावतात, हे भाषेचं शहाणपण की तेलाचं, कोण जाणे!

आता फिल्टर. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ या दोघांनी अमेरिकेत मोटारीसाठी तेलगाळणी काढली, तिची आजची वंशज म्हणजे मुठीएवढा हा पत्र्याचा डबा. त्याच्या तोंडावर कडेनं बारीक भोकांचं वर्तुळ असतं आणि मध्ये आट्यांचं एक मोठं भोक. तेल कडेच्या भोकांनी आत शिरतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात परततं. एकदा कुतूहलानं मी जुना फिल्टर हॅकसॉनं कापला. आत नऊवारीच्या निऱ्यांसारखा चुणीदार कागद, गोल बसवलेला. त्या निऱ्या उलगडत नेल्या, तर मुठीतून निघालेला कागद ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. डब्यात दोन झडपाही असतात. एक रबरी, ती रात्री तेल परत चेंबरात ओघळू देत नाही, म्हणजे सकाळी किल्ली फिरवल्यावर बेअरिंगला तेलाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी स्प्रिंगची, कागद तुंबलाच, तर ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे सोडते. उपाशी ठेवण्यापेक्षा शिळं वाढलेलं बरं, हा घरच्या बाईचा व्यवहार या स्प्रिंगला कोणी शिकवला असेल?

नवा फिल्टर चढवण्याआधी एक क्रिया करायची असते, आणि साऱ्या कार्यात मला तीच सर्वांत प्रिय आहे. ताज्या तेलात तर्जनी बुडवून फिल्टरच्या तोंडावरच्या रबरी कड्यावर ती एकदा गोल फिरवायची. बाळाच्या टाळूवर तेलाचं बोट फिरवताना जेवढा दाब देतो, तेवढाच. कोरडं रबर फिरताना मुरडतं, चिकटतं, फाटतं. बोटभर तेलानं ते निमूट जागेवर बसतं. मग फिल्टर हातानं फिरवत न्यायचा, कडं टेकल्याची जाणीव झाली की आणखी पाऊण फेरा. पाना नाही, जोर नाही.

मात्र त्याआधी जुनं कडं जुन्या फिल्टरबरोबर निघालं का, हे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. पहिल्या वर्षी मी ते पाहिलं नव्हतं. जुनं कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं, त्यावर मी नवं चढवलं, मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली, आणि काही सेकंदांत कोरं सोनेरी तेल शहाबादी फरशीवर पसरलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती धुपाटण्याऐवजी फडकं आलं! त्या फरशीवरचा डाग अजून आहे. तेव्हापासून दरवर्षी मी इंजिनाच्या त्या सपाट चकतीवरून आधी फडकं फिरवतो, मग बोट, आणि मगच पुढे जातो.

नव्या तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या इवल्याशा ओळीत दोन ऋतू आहेत. डब्ल्यू म्हणजे हिवाळा: अलीकडचा आकडा सांगतो की कडाक्याच्या थंडीतही तेल किती सहज हलेल. पलीकडचा तीस हा शंभर अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती उरेल, ते सांगतो. पंचगंगा गोठल्याचं कोणी ऐकलेलं नाही, तेव्हा कोल्हापुरात या हिवाळ्याचं काय काम, असं आपल्या मनात येईल. पण नव्वद-शंभर अंशांवर धावणाऱ्या इंजिनाला आपली पंचवीस अंशांची पहाटही थंडीचीच. आणि हिवाळ्याचा आकडा जितका लहान, तितकं पहाटेचं पहिलं तेल लवकर माथ्यावर पोहोचतं. तापल्यावर प्रत्येक तेल पातळ होतंच. म्हणून त्यात असे लांबलचक रेणू मिसळतात, जे थंडीत वेटोळं करून पडून राहतात आणि उष्णतेत अंग पसरतात, म्हणजे तेल पातळ होता होता थोडं सावरतं. नरसाळ्यातून ते ओतताना धारेला आवाज नसतो. ती मधासारखी लवत उतरते, आणि नरसाळ्याच्या तळाशी क्षणभर गोल वळसा घेऊन इंजिनात नाहीशी होते.

मग किल्ली. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागतो आणि इतर दिवसांपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळतो, कारण तेल आधी नवा फिल्टर भरत असतं. तेवढ्या वेळात ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. श्वास रोखला तर चालतो. दिवा विझतो. खाली वाकून पाहावं: बोल्ट कोरडा, फिल्टर कोरडा. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसावी, बुडवावी, वर काढावी. दोन खुणांच्या मध्ये तेलाची रेघ असते खरी, पण ती इतकी स्वच्छ, की दिसण्यासाठी पट्टी उन्हात तिरकी करावी लागते.

घमेल्यातलं काळं तेल मी कॅनमध्ये भरून गॅरेजात देतो. तिथून ते शुद्धीकरणाकडे जातं. ते गटारीत किंवा मातीत ओतायचं नसतं. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल परत घेऊन त्याचं शुद्धीकरण होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. मळ काढला, की तेच तेल पुन्हा वंगण होऊ शकतं. बैलगाडीखाली लोंबणाऱ्या नळकांड्यातलं वंगण काडीनं आसाला लावणाऱ्या गाडीवानापासून हा शब्द इथवर आला आहे.

संध्याकाळी पाने रॉकेलनं धुऊन फडक्यानं कोरडे करतो. कितीही पुसले तरी पोलादावर तेलाचा पुसटसा पदर उरतोच. दुसऱ्या दिवशी पाटावर सतरा नंबरच्या पान्याला हळद-कुंकू वाहिलं, तर निम्मं घसरून पाटावर पडतं. जे उरतं, ते त्या पदराला धरून राहतं.