ओटीवरचा माणूस

मराठी वाङ्मयाच्या घरात आई देवघरात बसते आणि वडील ओटीवर. आलागेला त्यांना पाहतो, नमस्कार करतो, पाणी मागतो आणि आत निघून जातो. यशवंत आणि माधव जूलियन ह्यांच्या आईवरच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या. वडिलांवरची एखादी कविता म्हणून दाखवा असे कुणी म्हटले, तर आपल्यापैकी निम्मे लोक घसा खाकरतील आणि उरलेले चहा मागवतील. देवाच्या बाबतीतही तेच. ज्ञानदेवांच्या अभंगांतील नाममुद्रेत विठ्ठलाला 'बाप' म्हटले आहे, हे जाणकारांना ठाऊक असते; पण वाळवंटात उभा राहून वारकरी साद घालतो ती 'माउली' म्हणून. ज्ञानदेवही माउली, विठोबाही माउली. इतक्या आया असलेल्या ह्या भाषेत वडिलांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मी टीकाकार म्हणून कधी विचारला नसता. पण गेल्या ज्येष्ठात आमच्या घरी मुलगी जन्माला आली. तेव्हापासून रात्री दोन ते चार हा माझा वाचनाचा समय झाला आहे. डाव्या खांद्यावर कन्या, उजव्या हातात पुस्तक. अशा अवस्थेत नवे पुस्तक वाचवत नाही, म्हणून जुनीच वाचली. आणि त्यांत मी वडील शोधू लागलो.

शोध सुरू होतो तो एका पळालेल्या बापापासून. परंपरा सांगते की, विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. गुरूला खरे कळले तेव्हा त्याने त्यांना घरी परत धाडले. मग चार मुले झाली. संन्याशाची पोरे म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले आणि आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह विसर्जित केला. कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती हे पंडितांनी ठरवावे. मला एवढेच दिसते की, महाराष्ट्राने आपल्या सर्वांत लाडक्या मुलांची गोष्ट रचली, तेव्हा त्यांच्या बापाला एकच पेच दिला : देव की घर? आणि दोन्हीकडून त्याला हरवले. चौघा भावंडांची चरित्रे लिहिणाऱ्यांनी विठ्ठलपंतांना एकेका प्रकरणात आटोपले आहे. घरात पाळणा नसता तर मीही तसेच आटोपले असते.

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ सालच्या फेब्रुवारीत पाचच दिवसांत लिहून काढले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. नाव आईचे, अश्रू आईचे. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटानेही आईच डोळ्यांपुढे उभी केली. पण हे पुस्तक ओटीवरून वाचून पाहा. श्यामचे वडील कर्जात बुडत चाललेले, वाटण्या होऊन झोपडीत आलेले, अब्रूला फार जपणारे आणि ती राखू न शकणारे. त्यांच्या वाट्याला एक रात्र मात्र अशी आली आहे की, तिच्यावरून मी पुष्कळ मोठमोठे प्रसंग ओवाळून टाकीन. ती रात्र 'अळणी भाजी'ची. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, भाजी छान झाली म्हणतात, मुलेही मग गप्प बसतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळते. संपले. कुणी कुणाला उपदेश केला नाही. (तो गुरुजी पाठोपाठ करतातच. त्यांच्या अंतःकरणाला ते थांबवत नसे. परंतु भाजी अळणी ठेवण्याचे धैर्य दाखवणाऱ्या लेखकाने गोष्टीलाही तेवढेच मीठ कमी घातले असते तर ती अधिक रुचली असती.) त्याच पुस्तकात 'आनंदाची दिवाळी' आहे. भाऊबीजेच्या ओवाळणीच्या पैशांतून आई आपल्याला लुगडे न घेता वडिलांना धोतर घेते, कारण त्यांचे फाटले आहे. आजवर आपण तिथे आईसाठी रडलो. ते धोतर हातात घेताना त्या गृहस्थाला काय वाटले असेल, हे मी यंदा प्रथम मनात आणले. गुरुजींनी ते लिहिलेले नाही. श्याम लहान होता आणि लहान मुलाला वडिलांचा चेहरा एवढ्या उंचीवर दिसत नाही.

वडील खरे दिसतात ते बायकोला. म्हणून माझ्या मते मराठीतले गृहस्थाचे सर्वांत पूर्ण चित्र एका स्त्रीने काढले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत निघाली. पुस्तक सुरू होते तेच एका बापापासून. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सत्तावनच्या धामधुमीत आपल्या सासऱ्यांना फाशी गेलेले पाहिले आणि त्या धक्क्याने त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. सारे घर त्या पाण्याखाली गारठून गेले. लक्ष्मीबाई हे सगळे हसत सांगतात, आणि त्या हसण्याखाली एक मोठी गोष्ट सांगून जातात : बापाची भीती घरात धर्माचे नाव घेऊन वावरू शकते.

मग येतात रेव्हरंड टिळक. हा माणूस कवी, उदार, तापट, संसाराला पूर्ण नालायक आणि विलक्षण लोभस. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी तरुण बायको, लहानगा दत्तू. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षे हे कुटुंब दुभंगलेले राहिले. टिळकांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. ती श्रद्धा नसती तर पुढची कविता झाली नसती. पण पाळण्याशेजारी बसून हा भाग वाचताना टिळकांच्या आत्म्याच्या तळमळीपेक्षा दत्तू मला जास्त दिसतो. बापाला देव सापडला आणि मुलाचा बाप हरवला; हा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की, त्या हा हिशेब मांडतात पण वसुलीला निघत नाहीत. नवऱ्याला त्या माफ करीत नाहीत, शिक्षाही करीत नाहीत, नुसते दाखवतात. आणि म्हणूनच पुढे टिळकांच्या बाजूने जे सांगण्याजोगे आहे तेही आपल्याला पटते. त्या परत नांदायला आल्या तेव्हा टिळकांनी त्यांना त्यांचे सोवळे पाळू दिले, चूल वेगळी ठेवू दिली. ज्या गोष्टीसाठी आपण जग सोडले ती गोष्ट बायकोवर लादायची नाही, हे त्या तापट माणसाला साधले. लक्ष्मीबाईंनी जातपात मनातून काढून टाकली ती स्वतः विचार करून, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. वडीलपणावरचा ह्याहून चांगला धडा मी वाचलेला नाही, आणि तो धडा म्हणून लिहिलेलाच नाही.

हे मी इतक्या विस्ताराने लिहितो त्याचे कारण घरगुती आहे. माझे वडील दर कार्तिकीला पंढरपूरला जातात. मी जात नाही. ते कधी आग्रह करीत नाहीत, मी कधी वाद घालीत नाही. आमचे बरे चालले आहे. पण नात जन्मल्यापासून आईने कुलदेवतेपुढे जावळ काढण्याचा विषय दोनदा काढला आहे. सौ. म्हणते, "काढू या की, त्यात काय?" ह्या 'त्यात काय'पाशी मी अडलो आहे. स्वतःपुरती अश्रद्धा ही स्वस्त वस्तू आहे. ती पाळायला फक्त घरी बसावे लागते. मुलीच्या वतीने श्रद्धा किंवा अश्रद्धा स्वीकारायची म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर सही करणे. टिळकांनी एका प्रकारे ती केली, लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी दुसऱ्या प्रकारे. मी सध्या एवढेच ठरवले आहे की, जावळ काढू. आजीची ती हौस आहे आणि केस पुन्हा येतात. मनाचे मात्र तिचे तिने पाहावे. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बरं."

देवाऐवजी कार्य आले तरी बापाचा पेच सुटत नाही, ह्याची साक्ष कर्व्यांच्या घरात मिळते. धोंडो केशव कर्वे ह्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ चे. आधी ते वाचावे आणि मग आनंदीबाईंचे 'माझे पुराण' वाचावे. संस्थेला आयुष्य वाहिलेला पुरुष आणि त्या वाहण्याची किंमत स्वयंपाकघरात मोजणारी स्त्री, असे हे एकाच घराचे दोन हिशेब आहेत. अण्णांनी आपल्या विम्याचे पैसेही आश्रमाच्या नावे करून टाकले, ही गोष्ट नवऱ्याच्या पुस्तकात त्याग आहे आणि बायकोच्या पुस्तकात पोराबाळांची काळजी. दोन्ही खरे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव पुढे पक्के नास्तिक झाले, १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, 'समाजस्वास्थ्य' मासिक मरेपर्यंत चालवले आणि स्वतः मूल होऊ दिले नाही. बापाची निष्ठा मुलात उतरली; फक्त तिचा देव बदलला.

ह्याच घरातल्या सूनबाईंनी, इरावती कर्व्यांनी, 'परिपूर्ती' हा लेख लिहिला. अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी आपली ओळख सभेत झाली तरी काही उणे राहिल्यासारखे वाटते आणि मग रस्त्यातली शाळकरी मुले 'ती आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई' म्हणतात तेव्हा ओळख पुरी होते, असा तो लेख. सुरेख आहे. पण एखाद्या पुरुषाने तो लिहिला असता का? आम्हांला परिपूर्ती संस्थेत, ग्रंथात, पगारात शोधायला शिकवले. मागे लस टोचायला गेलो होतो. परिचारिकेने "बाळाचे वडील कोण?" असे विचारले आणि मी गर्दीतून हात वर केला. एवढे तत्परतेने मी कुठल्याही साहित्यसंमेलनात हात वर केलेला नाही.

दिवाळी आली की नव्या वर्षाचे बेत निघतात. बलिप्रतिपदेला व्यापाऱ्याची नवी वही उघडते, विक्रम संवताचा आकडा बदलतो, आणि आम्ही पांढरपेशे लोक वजन उतरवण्याचे, पहाटे उठण्याचे आणि अमुक इतकी पुस्तके वाचण्याचे संकल्प सोडतो. 'सोडतो' हे क्रियापद मराठीने फार विचार करून योजलेले दिसते. मला त्यापेक्षा जुन्या बायकांचे चातुर्मासाचे नेम शहाणे वाटतात. कुणी कांदा-लसूण सोडी, कुणी रोज एक वात लावी, कुणी जेवताना बोलत नसे. चार महिने, एक गोष्ट, अगदी लहान. आणि कार्तिकीला उद्यापन. त्यांत आपण मोठे होण्याची भाषा नव्हती. मी ह्या वर्षी आमच्या टेबलावर पाहिले तर उरलेले एकमेव वेळापत्रक लसीकरणाचे आहे : सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे. हे आमचे चालू पंचांग. त्याच्या पलीकडचे बेत करायला झोप लागते, आणि ती नाही.

तरी एक नेम केला आहे, आणि तो एका पुस्तकाने सुचवला. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आले. ह्या पुस्तकात बाप ओटीवर नाही. तो ओझर गावचा, महारवाड्यातून मुंबईला आलेला, आंबेडकरांच्या मागे गेलेला, धर्म बदललेला दामू आहे. आणि तो स्वतः बोलतो. निवृत्त झाल्यावर ह्या माणसाला स्वस्थ बसवेना, तेव्हा मुलाने त्याला आठवणी लिहायला बसवले. शिक्षण जेमतेम, पण लिहिले. मुलाने ते पुढे आपल्या शब्दांत आणले, आणि काही ठिकाणी मुलाचे शब्द जरा जास्त नीटनेटके झाले आहेत, असे मला वाटते. तरी मुलाने वडिलांच्या हाती लेखणी दिली हे मोठेच. दत्तू टिळकांनीही आईला असेच लिहिते केले होते. आमच्या थोर पुस्तकांच्या मागे अशी हट्टी मुले उभी आहेत.

तेव्हा ह्या दिवाळीसाठी मी एक दोनशे पानी वही आणून वडिलांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, किंमत विचारली, आणि महाग म्हणाले. आठ दिवसांनी हळूच उघडून पाहिली तर पहिल्या पानावर 'श्री' होते. खाली तारीख, आणि त्याखाली त्यांच्या जुन्या वळणाच्या अक्षरात, नातीच्या दुधाची वेळ : पहाटे तीन वाजून दहा मिनिटे. मी तेव्हा जागा होतो. तेही जागे होते हे मला माहीत नव्हते.