‘गुड्डी’चे वेड आणि दहावीचे वर्ष

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात अभिनेते धर्मेंद्र यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेकांनी ‘शोले’ची आठवण काढली. प्रस्तुत लेखकाला आठवला तो ‘गुड्डी’. हृषीकेश मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि १९७१ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात धर्मेंद्र हे धर्मेंद्र म्हणूनच वावरतात. परंतु नायिका आहे एक शाळकरी मुलगी, कुसुम ऊर्फ गुड्डी, आणि विषय आहे तिला लागलेले त्यांचे वेड. पनवेलमधील आपल्या ज्या कुटुंबांत यंदा दहावीचे मूल आहे, त्यांनी हा चित्रपट एकत्र बसून पाहावा असे मला मनापासून वाटते. मात्र शिफारस करीत असताना त्याच्याविषयीची माझी तक्रारही नोंदवली पाहिजे. कारण चित्रपट जेथे चुकतो, नेमके तेथेच आपण आईवडील, शिक्षक आणि धर्मगुरूही चुकत असतो.

चित्रपटाची सुरुवात शाळेच्या प्रार्थनेने होते. गुलजार यांनी लिहिलेली, वाणी जयराम यांनी गायिलेली ती प्रार्थना पुढे चित्रपटातून बाहेर पडली आणि देशभरातील शाळांच्या पटांगणांवर जाऊन स्थिरावली. आज ती म्हणणाऱ्या मुलांना ती मुळात एका चित्रपटातील आहे हे ठाऊकही नसते. तिला चाल दिली आपल्या कोकणच्या वसंत देसाई यांनी. १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधील प्रसिद्ध प्रार्थनाही त्यांचीच. ज्या चित्रपटाला मुलांना सिनेमाच्या नादापासून सोडवायचे आहे, त्यानेच शाळांना प्रार्थना द्यावी, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. या प्रार्थनेच्या रांगेत गुड्डी उशिरा येऊन शिरते. ओठांवर प्रार्थना आहे, डोक्यात सिनेमा. शाळेची शिस्त आणि मनातला नाद यांची ओढाताण दिग्दर्शकाने पहिल्या काही मिनिटांत, एकही उपदेशपर वाक्य न वापरता उभी केली आहे. या प्रसंगासाठी हृषीदांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

पुढची कथा थोडक्यात अशी. गुड्डीला आई नाही. वडील, भाऊ आणि वहिनी यांच्या मायेत ती वाढते आहे. वहिनीचा भाऊ नवीन हा तिच्याशी विवाह करू इच्छितो. ती त्याला सांगते की आपले प्रेम धर्मेंद्रवर आहे, आणि त्या प्रेमाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी मीरेचा दाखला देते. नवीनचे मामा, प्राध्यापक गुप्ता, हे रागावत नाहीत, हसतही नाहीत. मुलीला तिच्या देवाचे देऊळ आतून दाखवावे असे ते ठरवतात आणि प्रत्यक्ष धर्मेंद्रनाच या कामी घेतात. मुंबईच्या स्टुडिओत गुड्डीला दिसते की पडद्यावर नायकाच्या नावावर जमा होणारा मार दुसराच एक अनामिक माणूस खात असतो. ज्याला पाहून प्रेक्षागृह थरथरते तो प्राण प्रत्यक्षात सज्जन गृहस्थ निघतो. धर्मेंद्र तिला एका जळून गेलेल्या स्टुडिओच्या ओसाड जागी नेतात आणि बिमल रॉय यांच्यासारख्यांनी तेथे केलेल्या कामाची आठवण सांगतात. तेथे आता केवळ पडझड उरली आहे. हा प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे. उपासकाला देवाच्या तोंडूनच देवळाचे भग्नावशेष दाखवण्याचे धैर्य हिंदी चित्रपटाने क्वचितच केले आहे.

इथपर्यंत मी चित्रपटाच्या बाजूचा आहे. वेड रागावून जात नाही, त्याच्या जवळ जाऊन ते समजून घ्यावे लागते, ही प्राध्यापकांची दृष्टी आजच्या पालकांनी अवश्य घ्यावी. दर वर्षी परीक्षेच्या आधी हॉल तिकिटांना आशीर्वाद देण्याची मिस्सा झाली की दोन-तीन माता हमखास थांबतात. “फादर, हिला जरा समजवा. अभ्यासाचं टेबल बघा, सगळीकडे त्या कोरियन पोरांचे फोटो. हिच्या पप्पांनी परवा सगळे फाडून टाकले, तर दोन दिवस जेवली नाही.” मुलगी बाजूला खाली मान घालून उभी असते. अशा वेळी फाटलेल्या चित्रांची बाजू घेणारा तेथे कोणीच नसतो. मला प्राध्यापक गुप्तांची आठवण येते.

पण माझी तक्रार अशी की मामांचे औषधही एका फसवणुकीत कालवलेले आहे. सर्व मोठी माणसे मिळून गुड्डीच्या पाठीमागे बेत आखतात. धर्मेंद्रना ठाऊक आहे, नवीनला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तिला. मुलीला सिनेमाच्या मायेतून सोडवण्यासाठी तिच्याभोवती दुसरी माया रचली जाते, आणि त्या नाटकात एकटी तीच प्रेक्षक असते. सत्य सांगण्याचा दावा करणाऱ्यांनी सत्याचाच मार्ग धरला असता तर बरे झाले असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपल्याभोवती बेत आखला जात आहे याचा वास लवकर येतो, आणि एकदा तो आला की पुढचे दहा खरे शब्दही संशयास्पद ठरतात.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. प्रार्थनेपासून सुरू झालेल्या या चित्रपटातून शाळा हळूहळू अदृश्य होते. गुड्डी कोणत्या विषयात हुशार आहे, कोणत्या विषयाची तिला धास्ती वाटते, पुढे काय शिकण्याचा तिचा मानस आहे, हे कोणी विचारीत नाही. तिचे वेड उतरते आणि त्या जागी नवीन येतो. म्हणजे तिच्या मनाची जागा कोणत्या पुरुषाने व्यापावी एवढाच प्रश्न होता की काय? स्टुडिओतल्या मजुरांचे कष्ट पाहून जी मुलगी हेलावते, तिच्या ठायी पाहण्याची आणि कळवळण्याची एक शक्ती आहे. त्या शक्तीचे पुढे काय झाले? चित्रपटाला ते जाणून घ्यायचे नाही. त्याला तिचे लग्न लावून द्यायचे आहे.

यातील गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर पडद्यावरच उभे होते. गुड्डीची भूमिका करणाऱ्या जया भादुरी नुकत्याच पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातून, अभिनयाचे रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या. चित्रपटात घरातून पळून नायक व्हायला आलेला आणि गर्दीतला नट होऊन राहिलेला कुंदन असरानी यांनी रंगवला आहे. तेही त्याच संस्थेत शिकलेले, आणि तेथे शिकवणारेही. म्हणजे सिनेमा ही भुरळ आहे असे जी मुलगी आपल्याला सांगते, तिच्यासाठी तो अभ्यासक्रम होता! भुरळ आणि अभ्यास यांच्यामध्ये भिंत नसते, वाट असते, हे त्या दोघांच्या आयुष्याने दाखवले. त्यांच्या चित्रपटाने मात्र ते दाखवले नाही.

मीरेचा दाखला देणाऱ्या गुड्डीला आपण हसतो. हसण्यापूर्वी आपल्याच परंपरेतील एका मुलीकडे पाहू या. अविलाची संत तेरेजा (१५१५–१५८२) हिने आत्मचरित्रात आपले बालपण मोकळेपणाने सांगितले आहे. संतांची चरित्रे वाचून ती इतकी भारावली की भावासह मूरांच्या देशात जाऊन हुतात्मा व्हायचे तिने ठरवले. तिचे चरित्रकार सांगतात की काकांनी दोघांना वेशीबाहेर गाठून परत आणले. पुढे हीच मुलगी आईच्या संगतीने शूर सरदारांच्या अद्भुत कथांच्या नादी लागली. वडिलांना ते आवडत नसे, म्हणून ती दिवसरात्र लपून वाची. नवे पुस्तक हाती नसले की तिला चैन पडत नसे. उतारवयात तिने त्या वाचनाला दोष दिला, आणि तो दोष आपण कमी लेखू नये. तरीही जी तळमळ तिला वेशीबाहेर घेऊन गेली आणि जिने तिला रात्री जागवले, तीच पुढे नवे मठ स्थापन करणाऱ्या, धर्मसभेला प्रार्थनेचे शास्त्र शिकवणाऱ्या स्त्रीमध्ये काम करीत होती असे मला वाटते. काकांनी तिला परत आणले हे योग्यच केले. पण तिच्यातली तळमळ त्यांनी तेथेच वेशीवर पुरली असती तर?

तेरेजाच्या काकांची आठवण २०२४ च्या डिसेंबरमध्ये आपल्याच राज्यात व्हावी अशी घटना घडली. धाराशिव जिल्ह्यातील तीन अल्पवयीन मुली बीटीएस या कोरियन गायकवृंदाला भेटायचे, त्यासाठी पुण्यास जाऊन पैसे मिळवायचे, असे ठरवून घरातून निघाल्या आणि आपले अपहरण झाल्याचा बनाव त्यांनी फोनवरून केला. पोलिसांनी त्यांना सुखरूप शोधून काढले. वृत्तपत्रांनी ही बातमी विनोदी ढंगाने छापली. मला त्यात हसण्यासारखे काही आढळले नाही. आपले आवडते गायक कोठे राहतात आणि तेथवर जायला किती पैसे लागतात, हे त्या मुलींना घरातल्या एकाही मोठ्या माणसाला विचारता आले नाही, आणि वाटेत काहीही घडू शकले असते. ज्या गायकांसाठी त्या निघाल्या त्यांतील सर्वांत धाकटा, जंगकुक, २०१३ साली रंगमंचावर आला तेव्हा स्वतः पंधरा वर्षांचा, शाळेत जाणारा मुलगा होता. त्याच्या मागे किती वर्षांची तालीम होती, शाळा आणि तालीम यांचा मेळ त्याने कसा घातला, हे या मुलींना कोणी सांगितले असते तर? हाच तर ‘गुड्डी’मधला तो जळालेला स्टुडिओ आहे, पण येथे तो दाखवायला कोणी धर्मेंद्र आले नाहीत.

आता पनवेलकडे येऊ. हार्बर मार्गाने येथून नेरूळचे मैदान अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. २०२५ च्या जानेवारीत तेथे कोल्डप्ले या वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले आणि त्यानंतर बरोबर एका महिन्याने, २१ फेब्रुवारीला, दहावीची परीक्षा सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच मैदानावर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मुलांच्या डोक्यात हे सारे एकाच वेळी चालू असते: सहा विषय, सकाळचे क्लास, संध्याकाळची शाळा, किंवा उलट, आणि मध्ये कुठेतरी एखादा खेळाडू, एखादा गायक, एखादी कथामालिका. शिक्षण मंडळ खेळ, चित्रकला, शास्त्रीय व लोककला यांसाठी सवलतीचे गुण देते हे स्तुत्यच आहे. परंतु त्यासाठी प्रमाणपत्र लागते. आवडत्या गाण्याचा अर्थ कळावा म्हणून कोरियन लिपी आपली आपण शिकलेली मुलगी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसते. तिच्या या विद्येला ना गुण आहेत, ना घरात किंमत. तिला संस्कृतची विभक्ती पाठ होत नाही अशी तिच्या आईची तक्रार आहे. जी मुलगी परकी लिपी कोणाच्याही धाकाशिवाय शिकते तिला विभक्ती का जमू नये, हा प्रश्न तिच्या संस्कृतच्या शिक्षकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. अर्थात ती रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहत असेल तर तिच्या आईचेही बरोबर आहे. २०२५ साली संतपदाला पोहोचलेला कार्लो अकुतिस हा पंधराव्या वर्षी वारलेला मुलगा व्हिडिओ गेमचा शौकीन होता आणि त्याने स्वतःच आठवड्याला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती असे सांगतात. मर्यादा त्याने स्वतः घातली होती. पालकांनी घातलेल्या मर्यादेचा परिणाम वेगळा होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

‘गुड्डी’ने जे गाळले ते मराठीत मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत (२००४) सापडते. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी शिरोडकर नावाच्या वर्गातल्या मुलीकडे ओढला जातो. हे एखाद्या नटाचे वेड नव्हे, परंतु त्याची जात तीच. बोकील त्याला बरे करायला निघत नाहीत. तास, मास्तर, मित्रांच्या टवाळक्या, परीक्षा आणि मनातली ती हुरहूर हे सारे त्यांनी एकाच बाकावर बसवले आहे, कारण त्या वयात ते एकाच बाकावर बसलेले असते. मुकुंदला नरूमामा आहे. तो त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, बेत आखत नाही. प्राध्यापक गुप्तांपेक्षा मला हा मामा अधिक मानवतो. अखेरीस ती मुलगी गाव सोडून जाते आणि मुकुंदपुढे दहावीचे वर्ष उभे राहते. लेखक त्याचे सांत्वन करीत नाही, त्याचे लग्नही लावून देत नाही. साहित्यकृती म्हणून ‘शाळा’ निःसंशय श्रेष्ठ आहे. पालकांना शिकवण्याची ‘गुड्डी’ची हातोटी तिच्यात नाही, तो तिचा हेतूही नाही.

म्हणून दोन्ही घ्यावीत असे मी सुचवीन. ‘गुड्डी’ घरात सर्वांनी मिळून पाहावा आणि जळालेल्या स्टुडिओच्या प्रसंगी क्षणभर थांबून, मुलाला त्याच्या आवडत्या माणसाच्या कष्टांविषयी काय ठाऊक आहे ते विचारावे. बहुधा त्याला आपल्यापेक्षा पुष्कळच ठाऊक असते. ‘शाळा’वर सुजय डहाके यांनी चित्रपट केला आहे, पण आधी कादंबरी वाचावी. तिच्यातील मुलांची भाषा मोकळी आहे, क्वचित शिवराळही; काही पालकांना ती खटकेल. तेव्हा प्रथम वडिलांनी वाचावी, मग मुलाच्या हाती द्यावी, आणि मुलाने ती आधीच लपून वाचली असल्याचे आढळले तर रागावू नये.