'कसं' आणि 'किती' : अवचटांचं लेखन एकत्र वाचताना

अनिल अवचट (1944–2022) यांच्या लेखनाची आपण एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. 'माणसं', 'धागे आडवे उभे', 'प्रश्न आणि प्रश्न' लिहिणारे सामाजिक अवचट एकीकडे. 'छंदांविषयी', 'स्वतःविषयी', 'सृष्टीत... गोष्टीत' लिहिणारे, ओरिगामी, बासरी, मुली आणि झाडं यांत रमलेले अवचट दुसरीकडे. पहिल्यांना आदर, दुसऱ्यांना प्रेम. ही पुस्तकं पाठोपाठ वाचल्यावर मला ही वाटणी मान्य होईना. मात्र माझं कारण त्यांच्या चाहत्यांना आवडेलच असं नाही.

साम्य उघड आहे. हमालांवर लिहिताना अवचट कळवळा दाखवत बसत नाहीत. ओझं कसं उचलतात, किती वजनाचं, दिवसाकाठी हातात किती पडतं, असं विचारत जातात. वाक्यं छोटी, बोलीतली, विशेषणं जवळजवळ नाहीतच. 'छंदांविषयी'मध्ये हाच माणूस कागदाच्या घडीकडे आणि लाकडाच्या तुकड्याकडे त्याच नजरेनं पाहतो. काम होतं कसं, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पर्यावरणावर लिहितानाही परिभाषेपेक्षा पाणी कुठून आलं, कुठे गेलं, यावर त्याचा भर असतो. 'कसं?' हा प्रश्न सगळीकडे आहे.

'किती?' हा प्रश्न मात्र सगळीकडे नाही. किती मिळतं, कोणाला मिळतं, किंमत कोण मोजतं, या प्रश्नांनी 'माणसं' अस्वस्थ करतं. छंदांच्या आणि निसर्गाच्या लेखनात ते मागे पडतात आणि उरतं कुतूहल. ते निर्मळ आहे, हे कबूल. 'सृष्टीत... गोष्टीत'ला 2010 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. तरी 'प्रश्न आणि प्रश्न'च्या लेखकाकडून आलेली निसर्गाची गोष्ट मला जरा जास्तच निश्चिंत वाटते. मुलांसाठी लिहिताना काळजीचा सूर नको, हे म्हणणं समजू शकतं. पण मोठ्यांनीही तीच निश्चिंती उचलली. 'छंदांविषयी' भेट म्हणून देणारे पुष्कळ भेटतात. 'माणसं' भेट देणारा मला अजून भेटायचा आहे.

'स्वतःविषयी' मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे. मुलींना वाढवण्याबद्दल अवचट लिहितात तेव्हा 'किती?' परत येतो, आणि तो त्यांच्याच घरात येतो. वैद्यकीचं शिक्षण घेतलेला हा माणूस नोकरी न करता लिहीत राहू शकला, कारण डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या. पगार तिचा, घरी वेळ त्याचा. मुली महापालिकेच्या शाळेत गेल्या. अवचट हे लपवत नाहीत आणि मिरवतही नाहीत. 'मुक्त पत्रकार' या शब्दातल्या मुक्तीचा खर्च दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो, हे मराठी लेखकांनी सहसा लिहिलेलं नाही. दिवाळी अंकांच्या मानधनावर घर चालत नाही, हे तर आपण सगळेच जाणतो.

पालकत्वावर आज जे लिहिलं जातं त्यात सल्ले फार. अवचट सल्ला देत नाहीत. बापाचं घरकाम ते एखाद्या कामगाराचं काम लिहावं तसं लिहितात, बारकाव्यांसकट. त्यामुळे त्यात आदर्श बापाचं चित्र तयार होत नाही. एक प्रश्न मात्र मला शेवटपर्यंत पडत राहिला : हीच व्यवस्था सुनंदाबाईंनी स्वतः लिहिली असती तर कशी दिसली असती? 1997 साली त्या गेल्या. 'सुनंदाला आठवताना' हे पुस्तक आहे, पण तेही अवचटांचंच.