ज्या कॅमेऱ्यानं छळलं, त्याचीच साक्ष

आजच्या विषयाला पहिला आक्षेप आमच्या घरातूनच आला. जन्मभर वर्गात प्लेटो आणि कांट शिकवलेल्या माणसानं एमी वाइनहाउसवर काय बोलायचं? आक्षेप नातीचा. गंमत म्हणजे आसिफ कपाडिया यांचा 'एमी' हा माहितीपट आम्ही पहिल्यांदा पाहिला तो तिच्याच लॅपटॉपवर. ती डोळे पुसत उठली. आम्हीही गप्प होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा मनात दुःखापेक्षा एक कुरकुर जास्त होती. आपल्याला रडवलं कशानं, हा प्रश्न काही सुटेना. म्हणून पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदाही.

ज्यांना ही बाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमी वाइनहाउस, जन्म 14 सप्टेंबर 1983, उत्तर लंडनमधल्या ज्यू कुटुंबातली मुलगी. जॅझ ऐकत वाढली. 2003 मध्ये 'फ्रँक' आणि 2006 मध्ये 'बॅक टू ब्लॅक', हयातीत आलेले अल्बम हे दोनच. 2008 मध्ये एका रात्रीत पाच ग्रॅमी. 23 जुलै 2011 ला कॅम्डनमधल्या घरात मृत्यू, वय 27. दर 100 मिलिलिटर रक्तात 416 मिलिग्रॅम मद्यार्क सापडला. इंग्लंडात गाडी चालवायला जी मर्यादा आहे ती 80 ची. बातमी फुटल्यावर अनेकांनी परस्पर ठरवून टाकलं की अमली पदार्थांनी गेली. तपासणीत बेकायदा अमली पदार्थ सापडलेच नाहीत. ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येऊ.

कपाडियांचा चित्रपट 2015 चा. कान महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. हे कपाडिया लंडनमध्ये वाढलेले, भारतीय वंशाचे. इरफान खानला घेऊन 'द वॉरियर' त्यांनीच केला होता, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. त्यांची पद्धत अशी की पडद्यावर बोलणारे चेहरे दाखवायचे नाहीत. सुमारे शंभर मुलाखती घेतल्या, पण आपल्याला ऐकू येतात ते फक्त आवाज. चित्रं सगळी तेव्हाची: घरगुती व्हिडिओ, फोनवर टिपलेलं, दूरदर्शन वाहिन्यांचं, आणि रस्त्यावर तिच्या मागं धावणाऱ्या छायाचित्रकारांनी घेतलेलं. आधी 'सेना' या चित्रपटात त्यांनी हेच केलं होतं. परिणाम विलक्षण होतो. खुर्चीत बसून आठवणी काढणारा म्हातारा मित्र समोर आला की आपल्याला कळतं, ही नंतरची गोष्ट आहे. इथं ती उशी काढून घेतलेली आहे. आपण थेट 1998 मधल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला हजर होतो. चौदा वर्षांची मुलगी वाढदिवसाचं गाणं म्हणते आणि शेवटच्या ओळीत असा काही गळा लावते की खोलीतली पोरं चमकून बघतात.

आता कुरकुर काय होती ती सांगतो. या चित्रपटाचा फिर्यादी सूर अगदी स्पष्ट आहे. वडील, नवरा, कार्यक्रम ठरवणारे लोक आणि सगळ्यांत वर पापाराझ्झी, म्हणजे ते मोटारसायकलवरून पाठलाग करणारे फोटोवाले. (हा शब्द फेलिनींच्या 1960 च्या 'ला डोल्चे व्हिटा'मधल्या पापाराझ्झो नावाच्या पात्रावरून आलाय, बरं का. एका चित्रपटानं जगाला दिलेली ही शिवी.) दार उघडलं की पन्नास फ्लॅश उडतात. कपाडिया तो आवाज इतका वाढवतात की आपण खुर्चीत मागं सरकतो. छळ म्हणजे काय ते शरीराला कळतं.

पण तो छळ आपण कुठून पाहतो आहोत? छळणाऱ्याच्या जागेवरून. कॅमेरा त्याचा, डोळा त्याचा, पैसे घेऊन विकलेलं चित्रणही त्याचंच. 2009 मध्ये तिनं लंडनच्या उच्च न्यायालयातून अशा एका छायाचित्र-संस्थेविरुद्ध पाठलाग थांबवण्याचा आदेश मिळवला होता. म्हणजे तिनं जिवंतपणी कोर्टात जाऊन सांगितलं होतं की हे असं बघणं मला नको आहे. ती गेल्यावर चार वर्षांनी आपण त्याच जातीचं चित्रण अंधाऱ्या सभागृहात, चांगल्या ध्वनियंत्रणेवर बघतो आणि शेवटी कॅम्डनच्या घरातून तिचा देह बाहेर नेताना बघतो. फिर्याद त्यांच्याविरुद्ध, आणि पुराव्याचं प्रदर्शन आपल्यासाठी.

आमचे एक मित्र म्हणाले, मग दिग्दर्शकानं करायचं काय? पुरावा न दाखवता खटला कसा चालणार? बरोबर आहे. पण पुरावा किती वेळा दाखवावा, हा प्रश्न उरतोच. पाठलागाचं पहिलं दृश्य पुरावा असतं. सातव्या-आठव्या दृश्यापर्यंत ते आपलं खाद्य झालेलं असतं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या चौथ्या खंडात लिओन्टिअसची एक छोटी गोष्ट आहे. हा गृहस्थ पिरिअस बंदराकडून अथेन्सला येत असतो. वाटेत तटाखाली, जल्लादाजवळ पडलेली प्रेतं त्याला दिसतात. बघावंसं वाटतं, आणि असं वाटल्याची शिसारीही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी भांडतो. शेवटी हरतो, डोळे फाडून धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांवर संतापून म्हणतो की घ्या, करा पोटभर दर्शन! सुसान सोंटॅग यांनीही 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स'मध्ये हीच गोष्ट हाताशी घेतली आहे. आम्ही ती वर्गात तीसेक वर्षं शिकवली, आत्म्याच्या तीन भागांचं उदाहरण म्हणून. पण आता वाटतं, लिओन्टिअसचं एक बरं होतं. तो स्वतःवर चिडला. 'एमी' पाहणाऱ्या प्रेक्षकाला चिडायला दुसरी माणसं आयती मिळतात. वडिलांवर चिडा, नवऱ्यावर चिडा, फोटोवाल्यांवर चिडा. आपले डोळे मोकळे.

इथं एक स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं दुसऱ्यावर बोट दाखवणं होईल. 1975-76 ची गोष्ट असेल. आम्ही नुकते नोकरीला लागलो होतो. तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात एका चांगल्या गायकाची मैफल होती. गायक पिऊन आले होते. दोनदा सम हुकली. मागून कोणीतरी शिट्टी मारली, हशा पिकला. आम्हीही हसलो. हसलो एवढंच नाही, पुढं कित्येक वर्षं तो प्रसंग मित्रमंडळींत रंगवून, नकलेसह सांगितला. तबलजींनी मान खाली घातली होती आणि ठेका तसाच धरून ठेवला होता, हे मात्र आम्ही कधी सांगत नसू. त्यानं गोष्टीची मजा जाते ना.

18 जून 2011 ला बेलग्रेडला एमीचा कार्यक्रम होता. ती उभी राहू शकत नव्हती, गाऊ शकत नव्हती, आणि हजारो लोक हुर्यो करत होते. ते दृश्य आलं तेव्हा आम्हाला ती गणेशोत्सवातली शिट्टी ऐकू आली. त्यानंतर पाच आठवड्यांनी ती गेली. ती तिथं जायला राजी नव्हती, असं चित्रपट सांगतो. 'प्रयोग झालाच पाहिजे' या धर्माचं आपल्यालाही भारी कौतुक. 1911 मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले, ही कथा आपण शंभर वर्षं अभिमानानं सांगतो. त्या दिवशी थिएटरात बसलेल्यांनी तिकिटाचे पैसे सोडून घरी जायला हवं होतं का, हे कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप रचनेचा आहे, आणि तो आम्हाला जास्त गंभीर वाटतो. ॲरिस्टॉटलनं चांगल्या शोकांतिकेबद्दल सांगितलं की एका घटनेतून दुसरी अपरिहार्यपणे, निदान संभाव्यपणे, निघाली पाहिजे. नाटकाला हे लागू आहे. पण माणसाच्या आयुष्याला? माहितीपट शेवटाकडून मागं विणला जातो. चौदा वर्षांची मुलगी वाढदिवसाचं गाणं म्हणत असते आणि आपल्याला मात्र शवपेटी दिसत असते. मग प्रत्येक हसू 'बिचारी' होतं, प्रत्येक ग्लास सूचक होतो. हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन, सगळे 27 व्या वर्षी गेले, म्हणून 27 हा आकडाच शापित, असली भाकडकथाही याच विणकामातून येते. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला होता. प्रसिद्ध संगीतकारांना विशी-तिशीत धोका जास्त दिसतो; पण 27 व्या वर्षी खास उंचवटा काही नाही. प्रसिद्धीचा धोका खरा आहे, नशिबाचा आकडा खोटा. आणि नशीब मानलं की कोणालाच काही करता आलं नसतं, असं म्हणून आपण सुटतो.

कपाडिया नशीब मानत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते दोषी शोधतात. पण शोधतात कसे, याचा एक नमुना बघा. मैत्रिणींनी आणि पहिल्या व्यवस्थापकानं तिला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचा प्रयत्न केला तो सुरुवातीचा काळ. तेव्हा वडील म्हणाले की तिला गरज नाही. चित्रपटात ही निर्णायक चूक म्हणून येते. वडिलांची तक्रार अशी की आपलं वाक्य 'त्या वेळी गरज नव्हती' असं होतं आणि 'त्या वेळी' हे शब्द कापले गेले. वडिलांची बाजू घ्यायला आम्ही बसलेलो नाही. मुलगी सेंट लुसिया बेटावर विश्रांतीला गेली असताना हे गृहस्थ चित्रवाणीचा चमू घेऊन तिथं पोचतात, ते दृश्य पाहून कोणत्याही बापाची मान खाली जाईल. पण तर्कशास्त्राच्या माणसाला 'त्या वेळी' हे दोन शब्द फार मोठे वाटतात. ते असले तर अंदाज चुकलेला बाप दिसतो. ते नसले तर आंधळा बाप.

तिसरी गोष्ट गाण्यांची. गाणं सुरू झालं की पडद्यावर त्याचे शब्द उमटतात. पहिल्यांदा आम्हाला हे फार आवडलं. नंतर लक्षात आलं की प्रत्येक गाणं इथं जबानी म्हणून वापरलंय. हे नवऱ्याबद्दल, हे वडिलांबद्दल. आपल्याकडे अभंगातून चरित्र उकरून काढणारे विद्वान असतात, तसं. तिनं सारा वॉन आणि डायना वॉशिंग्टन यांच्याकडून काय घेतलं, साठीच्या दशकातल्या मुलींच्या गायन-चमूंचा ठेका कसा उचलला, सलाम रेमी आणि मार्क रॉनसन यांनी त्याचं काय केलं, डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाचा त्यात वाटा काय, याला चित्रपटात फार जागा नाही. दुःख झालं आणि गाणं बाहेर पडलं! अहो, दुःख सगळ्यांनाच होतं.

म्हणूनच दोन दृश्यं आम्हाला बाकी चित्रपटाहून मोठी वाटतात. एक, 2006 चं ध्वनिमुद्रण. ती एकटी माइकसमोर आहे. वाद्यं काढून टाकलेली, नुसता आवाज. रडत नाही, कोसळत नाही. काम करते आहे. दुसरं दृश्य मार्च 2011 चं, ॲबी रोड स्टुडिओतलं. शेजारी 84 वर्षांचे टोनी बेनेट. लहानपणापासूनचं दैवत. ती गांगरते, मध्येच थांबते, माफी मागते, स्वतःवर वैतागते, कारण आपला सूर आपल्याच कानाला पटत नाही. आणि म्हातारा तिला सांभाळून घेतो, घाई करत नाही. या पाच मिनिटांत ती कोणाची शिकार नसते. ती एक गवई असते, दुसऱ्या गवयाशेजारी उभी. मृत्यूला चारच महिने उरलेत, पण त्या खोलीत ते कोणाला ठाऊक नाही, आणि आपणही क्षणभर विसरतो.

जिवंत व्यक्तीबद्दल काय होतं, तेही जाता जाता बघू. फेब्रुवारी 2021 मध्ये 'फ्रेमिंग ब्रिटनी स्पिअर्स' आला, न्यूयॉर्क टाइम्सनं केलेला. 2008 पासून वडिलांच्या कायदेशीर ताब्यात असलेल्या गायिकेची बाजू घेणारा, हेतू चांगला असलेला. वातावरण तापलं, त्याचा उपयोगही झाला. त्याच नोव्हेंबरात कोर्टानं तो ताबा संपवला. पण स्वतः ब्रिटनीनं मार्चमध्येच लिहिलं होतं की जेवढं पाहिलं तेवढ्यानंच लाज वाटली, दोन आठवडे रडले. जिची बाजू घेतली तिलाच त्या उजेडात उभं राहायचं नव्हतं. ती जिवंत होती म्हणून हे आपल्याला कळलं. जूनमध्ये ती कोर्टासमोर स्वतःच्या तोंडानं बोलली, आणि 2023 मध्ये तिनं स्वतःचं पुस्तक लिहिलं. एमीच्या बाजूनं असं बोलायला कोणी नाही. वडील बोलतात, आई बोलते, दिग्दर्शक बोलतो.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग बघायचा की नाही?" आम्ही म्हटलं, आम्ही तीनदा पाहिलाय, तुला कोणत्या तोंडानं नको सांगू? बघ. पण बेनेट यांच्याबरोबरचं दृश्य संपलं की तिथंच थांबव आणि 'फ्रँक' लाव, सुरुवातीपासून. ती म्हणाली, शेवट राहील की. आम्ही म्हटलं, राहू दे.