अर्धा मध आणि आपल्याला हवी असलेली शांतता

‘हनीलँड’ (२०१९) पाहिलेल्या कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, मधाची ती अर्धी वाटणी. आणि दुसरी, ‘काय शांतता आहे त्या डोंगरात!’ पहिलीबद्दल भरपूर लिहून झालंय. मला दुसरीबद्दल बोलायचंय.

उत्तर मॅसिडोनियातलं बेकिर्लीया हे जवळजवळ ओस पडलेलं डोंगराळ गाव. वीज नाही, धड रस्ता नाही. पन्नाशीतली हातिजे मुरातोवा तिथे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईसोबत राहते. सुरुवातीलाच ती कड्याच्या अरुंद कडेवरून चालत जाते, दगडी फरशी बाजूला सारते आणि उघड्या हातांनी मोहोळ हाताळते. पोळ्यातला अर्धा मध आपला, अर्धा माश्यांचा, हा तिचा नियम.

तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव या दिग्दर्शकांनी तीन वर्षं चित्रीकरण केलं. चारशे तासांहून जास्त फूटेज जमलं, त्यातून उरला जेमतेम दीड तास. गंमत म्हणजे हातिजेची तुर्की बोली दोघांनाही कळत नव्हती. त्यामुळे सुरुवातीचं संकलन आवाज बंद ठेवून, फक्त दृश्यांच्या आधारे झालं. म्हणून तर या माहितीपटात हात, पाठ, चाल इतकं बोलतात. आईच्या तोंडात घास भरवणारी बोटं आणि माश्यांमधून फिरणारी बोटं एकाच सावधपणे हलतात, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की आपल्याला भावते ती शांतता डोंगरातून जशीच्या तशी आलेली नाही. ती संकलनाच्या टेबलावर घडलीय.

हातिजेला स्वतःला शांततेचं फार कौतुक आहे असं दिसत नाही. ती रेडिओवरची गाणी पकडायला धडपडते. स्कोपयेच्या बाजारात मध विकायला जाते तेव्हा घासाघीस करते, केसांचा रंग विकत घेते. शेजारी हुसेनचं कुटुंब सात मुलं आणि गुरं घेऊन येतं, तेव्हा तिचा चेहरा बघा. पोरांच्या कालव्यात ती खुलते.

आणि इथेच बहुतेक प्रेक्षक हुसेनला खलनायक ठरवून मोकळे होतात. त्याच्यासोबत गोंगाट येतो ना! इंजिनं, गुरांचं हंबरणं, नवराबायकोची भांडणं, शेवटी करवत. तो व्यापाऱ्याच्या दबावाखाली सगळा मध काढतो. पोळं रिकामं झालं की माश्या शेजारच्या पोळ्यावर तुटून पडतात, हा त्यांचा स्वभावच. हातिजेच्या माश्या मरतात. नुकसान खरं आहे, चूकही खरी आहे. पण सात पोरांचं पोट आणि दारात उभा व्यापारी, यांत ‘अर्धा ठेवा’ हे गणित बसवायचं कसं? माहितीपट हा पेच दाखवतो. आपण मात्र ‘निसर्गप्रेमी विरुद्ध हावरट’ एवढंच घेऊन उठतो. हातिजेचं जमिनीशी नातं फिरायला आलेल्या माणसाच्या प्रेमासारखं नाही. पुढच्या वर्षीही इथेच जगायचंय, या हिशेबातून ते आलंय. हुसेनला पुढच्या वर्षाचा विचार करायची उसंतच मिळत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे गाव रिकामं का झालं, हा प्रश्न माहितीपट विचारतच नाही. १९५०च्या दशकात मॅसिडोनियातली अनेक तुर्क कुटुंबं तुर्कस्तानात निघून गेली. या गावाच्या पडक्या भिंतींमागे तीच गोष्ट आहे की दुसरी काही, याचा एक धागाही आपल्या हाती लागत नाही. त्यामुळे ओसाडपणा देखणा दिसू लागतो, आणि माणसं निघून गेल्यावर उरलेल्या पोकळीलाच आपण निसर्गाची शांतता समजून बसतो.

हातिजेला नंतर पुरस्काराच्या पैशांतून दुसऱ्या गावात घर घेऊन दिलं गेलं. ‘अरेरे, ती डोंगर सोडून गेली?’ असं मनात आलं, तर ती हळहळ नेमकी कुणासाठी आहे ते एकदा तपासून पाहावं.

फोनवर पाहणार असाल तर हेडफोन जरूर लावा. माश्यांच्या गुणगुणीसाठी लावाच, पण आई आणि हातिजे एकमेकींशी ओरडून बोलतात त्यासाठी आधी लावा. त्या घरात शांतता कमीच होती. आई गेल्यावर ती आली.