नियमग्रंथाचे नूतनीकरण आणि अर्थाची जबाबदारी : डेबियनच्या धोरणसंहितेचे परीक्षण

१

नियमग्रंथ जुना होतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न व्याकरणाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. व्यवहार पुढे सरकतो, सूत्र जागच्या जागी राहते, आणि काही काळाने दोहोंमध्ये अंतर पडते. हे अंतर मोजण्याचे काम आपल्याकडे वार्तिककारांनी केले. ग्रंथात जे सांगितले आहे, जे सांगावयाचे राहिले आहे आणि जे सदोष रीतीने सांगितले गेले आहे, अशा उक्त, अनुक्त व दुरुक्त या तिन्हींचा विचार म्हणजे वार्तिक, असे त्याचे परंपरागत लक्षण आहे. हे लक्षण केवळ शब्दशास्त्रापुरते मर्यादित मानण्याचे कारण नाही. जेथे पुष्कळ माणसे एका लिखित नियमाच्या आधारे एकत्र काम करतात, तेथे ते लागू पडते.

अशा एका आधुनिक नियमग्रंथाचे परीक्षण येथे योजले आहे. डेबियन ही मुक्त-स्रोत संगणक-प्रणाली इयन मर्डॉक याने १९९३ साली सुरू केली. तिच्यातील प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' या रूपाने वितरित होते. कार्यक्रमाच्या फायली, तो कोणत्या अन्य पॅकेजांवर अवलंबून आहे याची नोंद, स्वामित्वविषयक माहिती आणि तो संगणकावर बसविताना व काढताना करावयाच्या कृती, हे सर्व एका ठराविक बांधणीत एकत्र आणले की पॅकेज सिद्ध होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुकवर्म' या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. ती सांभाळणारे मेंटेनर देशोदेशी विखुरलेले स्वयंसेवक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची एकमेकांशी गाठ पडलेली नसते. त्यांच्या कामात जी एकवाक्यता दिसते ती पुष्कळ अंशी एका ग्रंथामुळे. तो ग्रंथ म्हणजे 'डेबियन पॉलिसी मॅन्युअल'. इयन जॅक्सन आणि ख्रिश्चन श्वार्ट्झ यांनी १९९६ ते १९९८ या काळात त्याला मूळ रूप दिले, आणि पुढे अनेक संपादकांनी तो वाढविला. प्रस्तुत विवेचनात त्याला 'संहिता' म्हटले आहे.

या संहितेचे नूतनीकरण हा सामान्यतः तांत्रिक विषय समजला जातो. वस्तुतः तो अर्थविचाराचा विषय आहे. जुने वाक्य बदलून नवे घातले म्हणजे नूतनीकरण संपत नाही. वाक्य बदलल्याने अर्थ बदलला की नाही, आणि बदलला असल्यास तो कोणावर व किती बंधनकारक आहे, हे वाचकाला कळविणे हे त्याचे खरे कार्य होय.

२

संहितेचा या दृष्टीने सर्वांत लक्षणीय गुण तिच्या क्रमांकनपद्धतीत आहे. तिच्या प्रत्येक आवृत्तीला चार अंगांचा क्रमांक असतो. सर्वच पॅकेजांत फेरफार करावा लागेल असा बदल झाला तर पहिले अंग वाढते. पुष्कळ पॅकेजांत काम करावे लागेल असा महत्त्वाचा बदल झाला तर दुसरे वाढते. नियमाच्या अर्थात कितीही अल्प फरक पडला तरी तिसरे वाढते. आणि अर्थाला धक्का न लावता केवळ शुद्धलेखन, मुद्रण किंवा मांडणी सुधारली असेल तर चौथे. प्रत्येक पॅकेजाच्या नियंत्रण-फायलीत 'स्टँडर्ड्स-व्हर्जन' नावाची एक नोंद असते, आणि संहितेच्या कोणत्या आवृत्तीशी ते पॅकेज शेवटी ताडून पाहिले हे तीत लिहिलेले असते. या नोंदीत पहिली तीन अंगेच महत्त्वाची. '४.६.२' असे लिहिले की पुरे, कारण चौथ्या अंगाने पॅकेजाचे काहीच बिघडत नाही.

या योजनेचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. शब्दांतर आणि अर्थांतर यांतील भेद जाणण्याचा भार बहुतेक ग्रंथ वाचकावर टाकतात. सुधारलेली आवृत्ती हाती आली की दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडावी लागते. येथे मात्र तो निवाडा संपादकाने करावयाचा आणि क्रमांकाच्या रूपाने जाहीर करावयाचा असा दंडक आहे. शिवाय संहितेला एक सूची जोडलेली आहे, आणि तीत प्रत्येक आवृत्तीतील अर्थांतरे कलमवार, सर्वांत नवीन प्रथम या क्रमाने, दिलेली असतात. तीन वर्षांपूर्वीचे पॅकेज पुन्हा हाती घेणाऱ्याला सबंध ग्रंथ वाचावा लागत नाही. आपल्या क्रमांकापासून वरची कलमे वाचली की त्याचे काम भागते. स्वयंसेवकाच्या मर्यादित वेळाचा असा आदर फार थोड्या नियमग्रंथांनी केलेला आढळेल.

३

तथापि अर्थ बदलला नाही असे म्हणणे दिसते तितके सोपे नाही. संहितेतील बंधनाचे बळ काही थोड्या शब्दांवर तोललेले आहे. 'मस्ट' म्हटले की नियम अनिवार्य, आणि तो मोडणारे पॅकेज सामान्यतः वितरणास अपात्र. 'शुड' म्हटले की तो उत्तम प्रघात, आणि त्याचा भंग हा दोष खरा, पण त्यामुळे पॅकेज बाहेर काढले जाईलच असे नाही. 'मे' म्हटले की निव्वळ मुभा. यांतील पहिल्या दोन श्रेणींचा संबंध दोषनोंदीतील गांभीर्याच्या पायऱ्यांशी जोडलेला आहे. म्हणजे एका सहायक क्रियापदावर एखाद्या मेंटेनरचे काही महिन्यांचे श्रम स्वीकारले जातात किंवा अडून राहतात.

याच शब्दांची एक प्रसिद्ध व्याख्या स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांसाठी केली होती. तेथे हे शब्द मोठ्या अक्षरांत छापण्याचा परिपाठ पडला, आणि पुरेसे कारण असेल तर 'शुड'पासून ढळण्याची मोकळीकही वाचकाला देण्यात आली. डेबियनची संहिता हे शब्द साध्या अक्षरांत लिहिते आणि 'शुड'च्या भंगाला सामान्यतः दोषच मानते. शब्द तोच, बळ निराळे. एका ग्रंथाची सवय झालेला वाचक दुसऱ्यात चुकीचा अर्थ घेऊन शिरतो, आणि पानावरील कोणतीही खूण त्याला सावध करीत नाही. 'शुड' आणि 'रेकमेंडेड' यांना संहितेने एकाच श्रेणीत बसविले आहे. तेव्हा एकाच्या जागी दुसरा शब्द घालणे हे तिच्या व्याख्येप्रमाणे केवळ शब्दांतर ठरेल. परंतु सामान्य इंग्रजी वाचकाच्या कानाला 'रेकमेंडेड' सौम्य लागतो, आणि व्याख्येने दिलेला अर्थ भाषेने दिलेल्या अर्थाला पूर्णपणे दडपू शकत नाही.

मराठीत तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. डेबियनच्या स्थापना-कार्यक्रमाचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. परंतु पडद्यावरील सूचनांचा अनुवाद वेगळा आणि विधिवाक्यांचा अनुवाद वेगळा. 'मस्ट'साठी 'केलेच पाहिजे', 'शुड'साठी 'करावे' आणि 'मे'साठी 'केले तरी चालेल' अशी वाटणी प्रथमदर्शनी नेटकी वाटते. निषेधाकडे वळले की ती विस्कटते. 'करू नये' हे रूप 'करावे'चाच निषेध असले तरी त्याचे बळ कितीतरी अधिक आहे. 'रांगेत उभे राहावे' ही पाटी विनंतीसारखी वाचली जाते, तर 'येथे थुंकू नये' ही पाटी पूर्ण मनाई म्हणून वाचली जाते. म्हणजे 'शुड नॉट'चा अनुवाद 'करू नये' असा केला तर प्रघाताचा हुकूम झाला, आणि हुकुमासाठी 'करता कामा नये' हे रूप राखून ठेवावे तर दोहोंतील अंतर वाचकाला जाणवेलच याची खात्री नाही. तेव्हा संहिता मराठीत आणावयाची झाल्यास या रूपांच्या बळाची व्याख्या आरंभीच करून द्यावी लागेल. मराठीच्या विध्यर्थाकडे नियमलेखनाच्या दृष्टीने पाहण्याची गरज यावरून लक्षात यावी.

४

संहितेच्या इतिहासातील तीन प्रसंग पाहिले म्हणजे तिची शक्ती आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

पहिला प्रसंग १९९९ सालचा. पॅकेजांसोबत येणारे दस्तऐवज 'युएसआर-डॉक' या निर्देशिकेतून 'युएसआर-शेअर-डॉक' या निर्देशिकेत हलवावयाचे होते. नियम एका दिवसात बदलता येतो, पण हजारो पॅकेजे एका दिवसात बदलत नाहीत. मधल्या काळात वाचकाने दस्तऐवज कोणत्या ठिकाणी शोधावा? तांत्रिक समितीने असा तोडगा काढला की दस्तऐवज नव्या जागी ठेवावा आणि जुन्या जागी नव्याकडे नेणारा दुवा ठेवावा. येथे अनुक्त होते ते संक्रमणकाळाविषयीचे, आणि ते वेळीच सांगितले गेले.

दुसरा प्रसंग २०१७ सालच्या ४.०.१ या आवृत्तीचा. पॅकेजांच्या अग्रक्रमाच्या पाच श्रेणींपैकी 'एक्स्ट्रा' ही श्रेणी कालबाह्य ठरवून तिला 'ऑप्शनल'शी समान मानण्यात आले. कमी अग्रक्रमाच्या पॅकेजावर अवलंबून राहण्यास असलेली मनाईही उठली. हे दुरुक्ताचे उत्तम संशोधन होय. केवळ एक शब्द गाळून संपादक थांबले नाहीत. किमान किंवा प्रमाणित स्थापनेत कोणती पॅकेजे यावीत हे ठरविणे एवढेच अग्रक्रमाचे प्रयोजन आहे, असे नवे प्रयोजनही त्यांनी लिहून दिले. नियम का राहिला हे कळले म्हणजे तो कसा लावावा हेही कळते.

तिसरा प्रसंग मात्र निराळा आहे. संगणक सुरू होताना सेवा कार्यान्वित करण्याची नवी पद्धती, 'सिस्टमडी', तांत्रिक समितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये मूलभूत म्हणून निवडली, आणि २०१५ च्या 'जेसी' आवृत्तीत ती प्रत्यक्षात आली. संहितेतील यासंबंधीचे प्रकरण मात्र पुढे कित्येक वर्षे प्रामुख्याने जुन्या आरंभ-लिपींनाच धरून राहिले. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये सर्व विकासकांच्या मतदानाने या प्रश्नाची दिशा ठरली. मधल्या काळात अर्थ बदलला होता, शब्द बदलला नव्हता. क्रमांकाची चारही अंगे या बदलाविषयी काही सांगू शकत नव्हती, कारण ती शब्दातील बदलाचीच मोजदाद करतात.

५

येथेच संहितेचा मुख्य दोष आहे. पॅकेजाने आपण कोणत्या संहितेशी ताडले गेलो हे जाहीर करावयाचे असते, परंतु संहितेचे अमुक कलम कोणत्या काळच्या व्यवहाराशी ताडले गेले हे संहिता जाहीर करीत नाही. चाळणी एकाच दिशेने चालते. 'लिंटियन' नावाचा तपासनीस कार्यक्रम जुना क्रमांक दिसताच मेंटेनरला हटकतो. जुन्या कलमाला हटकणारे तसे कोणी नाही. परिणामी शिळ्या कलमाचा भार त्या नवख्या वाचकावर पडतो, जो ग्रंथावर विश्वास ठेवून त्याप्रमाणे काम करतो आणि आपले काम जुने ठरलेले पाहतो. जाणत्याला कोणते कलम जिवंत व कोणते मृत हे संगतीने ठाऊक असते. ग्रंथ मात्र ज्यांना अशी संगत लाभलेली नाही त्यांच्यासाठी असतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की संहिता व्यवहाराच्या मागून चालते हाच तिचा गुण आहे. सिद्ध झालेला प्रघातच नियम म्हणून नोंदवावा, नियमाने प्रघात निर्माण करू नये, ही तेथील जुनी धारणा आहे, आणि वर्णनपर व्याकरणाच्या अभ्यासकाला ती पटण्यासारखीही आहे. परंतु मागून चालणे निराळे आणि मागे राहिल्याचे न सांगणे निराळे. वाद अनिर्णित असताना संपादकांनी घाईने नियम लिहिला नाही यात त्यांचा दोष नाही. 'या विषयात व्यवहार बदलत आहे, निर्णय व्हावयाचा आहे' एवढी टीप मात्र प्रघाताविरुद्ध न जाताही देता आली असती. वादग्रस्त प्रयोगापुढे मतभेद नोंदविण्याची रीत व्याकरणग्रंथांत जुनी आहे.

म्हणून या संहितेच्या पुढील नूतनीकरणात एका गोष्टीची भर पडणे इष्ट दिसते. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस, ते प्रत्यक्ष पॅकेजांशी शेवटी केव्हा ताडले गेले याची तारीख असावी, आणि शब्द न बदलताही ती तारीख पुढे नेता यावी. तपासून जे योग्य ठरले तेही नूतनीकरणच होय. उक्ताचा विचार वार्तिकाच्या लक्षणात प्रथम घेतला आहे तो उगाच नव्हे. डेबियनने शब्दांतर व अर्थांतर यांतील भेद क्रमांकाने दाखविण्याचे अवघड काम पंचवीस वर्षांहून अधिक काळ निष्ठेने केले आहे. ज्या ग्रंथाने पॅकेजांना आपले वय सांगावयास लावले, त्याने आपल्या कलमांचे वय सांगणे ही त्याच शिस्तीची पुढची पायरी ठरेल.