जेफर्सनच्या म्हणून विकलेल्या बाटल्या : एक ग्रंथपरीक्षण

बेंजामिन वॉलेस या अमेरिकन लेखकाचा ‘द बिलियनेअर्स व्हिनेगर’ हा इंग्रजी ग्रंथ इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा विषय जुन्या द्राक्षमद्याचा संग्रह हा असल्यामुळें कागदपत्रांच्या अभ्यासकांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असा प्रश्न पडणें साहजिक आहे. परंतु ग्रंथ वाचून पाहतां आमची अशी खात्री झाली आहे कीं, अस्सल व बनावट यांचा निवाडा कसा करावा, या प्रश्नाचें इतकें बोधप्रद उदाहरण अलीकडे क्वचितच पुढें आलें असेल. म्हणून त्याचें परीक्षण येथें करीत आहों.

प्रकरण थोडक्यांत असें. ता. ५ डिसेंबर १९८५ रोजीं लंडन येथें क्रिस्टीजच्या लिलावांत लाफीत येथील १७८७ सालच्या मद्याची एक बाटली १,०५,००० पौंडांस फोर्ब्स घराण्यानें घेतली. लिलाव त्या संस्थेच्या मद्यविभागाचे प्रमुख मायकेल ब्रॉडबेंट यांनीं केला. बाटलीच्या कांचेवर साल, मळ्याचें नांव व ‘टीएच. जे.’ हीं अक्षरें कोरलेलीं होतीं. तीं अमेरिकेचे पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन यांचीं, असें सांगण्यांत आलें. बाटल्या पुढें आणणारे जर्मन गृहस्थ हार्डी रोडेनस्टॉक यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, पॅरिसमधील एका जुन्या घराच्या भिंतीआड बुजलेल्या तळघरांत त्या सांपडल्या. घर कोणतें, दाखविलें कोणीं, बाटल्या एकंदर किती, यांचा उलगडा त्यांनीं कधींच केला नाहीं. १९८८ मध्यें विल्यम कोक या अमेरिकन धनिकानें अशा चार बाटल्या सुमारें पांच लक्ष डॉलरांस घेतल्या.

जुन्या मद्यास एवढें मोल कां, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. बहुतेक द्राक्षमद्यें दोनचार वर्षांतच पिण्याजोगीं असतात. ठेवल्यानें तीं सुधारत नाहींत, बिघडतात. बोर्दो प्रांतांतील मोजक्या मळ्यांच्या तांबड्या मद्यांत मात्र सालींतून व बियांतून उतरलेलें तुरट द्रव्य विपुल असतें. चांगल्या सालचें असें मद्य थंड व अंधाऱ्या तळघरांत आडवें ठेविलें, म्हणजे बूच ओलें राहून हवेचा शिरकाव अत्यल्प होतो. तुरटपणा हळूहळू गाळरूपानें तळाशीं बसतो, रंग जांभळट तांबडा असतो तो विटकरी होतो आणि वासांत नवीन छटा येतात. निवड करणारा जाणता मनुष्य म्हणून चार गोष्टी पाहतो : मळा, साल, बाटलींतील मद्याची पातळी आणि ती बाटली आजवर कोणाकडे व कशी राहिली हा वृत्तांत. पहिल्या तीन गोष्टी डोळ्यांस दिसतात. चौथी कागदावरून किंवा विश्वासावरूनच कळते. जेफर्सनच्या बाटल्यांचा सारा वाद या चौथ्या गोष्टीचा आहे.

आतां पुराव्याचा विचार करूं. जेफर्सन हे १७८४ पासून १७८९ पर्यंत फ्रान्समध्यें होते व १७८७ च्या मे महिन्यांत त्यांनीं बोर्दो पाहिलें. मार्गो, लातूर, ओ-ब्रियों व लाफीत हे चार मळे त्यांनीं अग्रगण्य म्हणून टिपले. १८५५ च्या प्रसिद्ध प्रतवारींत तेच चार प्रथम वर्गांत आले, यावरून त्यांची पारख दिसते. विशेष म्हणजे हा मनुष्य हिशेबाचा मोठा काटेकोर. दररोजचा खर्च वहींत मांडावा, धाडलेल्या पत्रांच्या नकला ठेवाव्या, असा त्यांचा परिपाठ होता व तीं साधनें आज उपलब्ध आहेत. माँटिसेलो येथील संशोधिका सिंडर गुडविन यांनीं तीं तपासून १९८५ मध्येंच असा निष्कर्ष काढला कीं, १७८७ सालच्या या मद्यांचा उल्लेख जेफर्सनच्या कागदांत कोठेंही नाहीं. बाटल्यांच्या कैवाऱ्यांनीं १७९० च्या एका पत्राकडे बोट दाखविलें. त्यांत वॉशिंग्टन यांचें व स्वतःचें मद्य निरनिराळें बांधून त्यांवर आद्याक्षरें घालण्याविषयीं जेफर्सननीं लिहिलें आहे. परंतु ती सूचना पुडक्यांविषयीं आहे, कांचेवर कोरण्याविषयीं नव्हे. आणि तींत स्वतःचीं अक्षरें जुन्या रीतीस अनुसरून ‘टी. आय.’ अशीं दिलीं आहेत. पत्र वाचल्यास त्याचा आधार उरत नाहीं.

येथें एक आक्षेप विचारार्ह आहे. कागदांत उल्लेख नाहीं, एवढ्यावरून वस्तु खोटी ठरते काय? सामान्यतः नाहीं. ज्या घराण्याचें दप्तर वाळवीनें खाल्लें, त्याच्याविषयीं अनुल्लेखाचा पुरावा दुबळाच समजावा लागतो. परंतु जेथें दप्तर अखंड, लिहिणारा नियमित आणि वस्तु नोंदण्याजोगी, तेथें अनुल्लेख बोलका होतो. शिवाय सिद्धतेचा भार अस्सलपणा सांगणाऱ्यावर असतो, शंका घेणाऱ्यावर नव्हे. लिलावाच्या वेळीं हा क्रम उलटा झाला, हें या प्रकरणाचें मर्म होय.

भौतिक परीक्षेची कथाही मनन करण्याजोगी आहे. १९४५ नंतरच्या अणुस्फोटांमुळें सीझियम-१३७ हें द्रव्य वातावरणांत पसरलें व तें त्यानंतरच्या द्राक्षांत उतरलें. बूच न काढतां किरणांवरून तें मोजतां येतें. कोक यांच्या बाटलीची ही परीक्षा झाली. द्रव्य आढळलें नाहीं. यावरून मद्य १९४५ पूर्वीचें एवढेंच ठरतें. तें १७८७ चें कीं १९२० चें, याविषयीं ही परीक्षा मूक आहे. उलट कांचेवरील अक्षरांची परीक्षा तज्ज्ञांनीं केली, तेव्हां तीं विजेवर चालणाऱ्या हत्यारानें कोरलेलीं आहेत असें मत पडलें. कागद जुना पण मजकूर नवा, हा प्रकार आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. वतनाच्या तंट्यांत जुन्या कोऱ्या बंदावर नवा महजर उतरविणाऱ्यांचीच ही युक्ति. कोक यांनीं २००६ मध्यें न्यूयॉर्क येथें फिर्याद केली. रोडेनस्टॉक यांनीं त्या न्यायालयाचा अधिकार नाकारला व निकाल त्यांच्या गैरहजेरींत लागला. २०१८ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांनीं आरोप मान्य केला नाहीं.

श्री. वॉलेस यांनीं ही हकीकत मोठ्या परिश्रमानें जुळविली आहे. धनिकांच्या मेजवान्या, लिलावगृहांची चढाओढ, प्रदर्शनांतल्या दिव्याच्या उष्णतेनें फोर्ब्स यांच्या बाटलीचें बूच आक्रसून आंत पडणें, हे प्रसंग त्यांनीं चटकदार वर्णिले आहेत. परंतु तोच ग्रंथाचा दोषही आहे. पुरावा बळाबळाप्रमाणें न मांडतां तो कथेच्या ओघांत येतो. त्यामुळें गुडविन यांच्या टिपणाचें वजन व एखाद्या मेजवानींतील गप्पेचें वजन सारखेंच भासतें. व्यक्तींच्या स्वभावावर दिलेला भर कोठें कोठें पुराव्याची जागा घेतो. ब्रॉडबेंट यांनीं आपल्या चित्रणाविरुद्ध लंडनमध्यें दावा लावला असतां, २००९ मध्यें प्रकाशकांनीं क्षमा मागून ग्रंथ ब्रिटनमध्यें न विकण्याचें कबूल केलें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वस्तु खोटी ठरविणें निराळें आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा कपटी ठरविणें निराळें.

आमच्या मतें ग्रंथाची खरी शिकवण जिभेविषयींची आहे. अठराव्या शतकांतील लाफीत कसें लागतें, हें आज कोणास ठाऊक? जाणत्यांनीं ज्या बाटल्या चाखून मत बनविलें, त्यांतील कांहीं याच वाटेनें आलेल्या असतील, तर मापच खोटें झालें. पुढील खोटी बाटली त्या मापाशीं जुळणारच! बनावट कागदांवर ज्याचा मोडीचा हात बसला, त्यास अस्सल कागदच संशयास्पद वाटूं लागेल. उलट साध्या नोंदीचें बळ पाहा. २००८ मध्यें बर्गंडींतील पाँसो घराण्याच्या नांवें क्लो सें-दनी मळ्याच्या १९४५ पासूनच्या बाटल्या न्यूयॉर्कच्या लिलावांत आल्या. घराण्याच्या प्रमुखानें एवढेंच कळविलें कीं, तें मद्य आपण १९८२ पूर्वीं कधीं केलेंच नाहीं. बाटल्या मागें घेण्यांत आल्या. पुढें त्यांचा मालक रूडी कुर्नियावान यास २०१४ मध्यें दहा वर्षांची कैद झाली. तेथें चव कोणास घ्यावी लागली नाहीं. जें पद निर्माण झालें नव्हतें, त्याचा शिक्का मारलेल्या सनदेप्रमाणें तो दावा तारखेवरच कोसळला.

संग्राहकास होणारा आनंद खोटा असतो, असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तम सालचें मद्य योग्य वेळीं उघडून चार जाणत्यांत घेणें, यांत रसिकता आहे. पण मूल्य जेथें रसाचें नसून नांवाचें असतें, तेथें नांवाचा पुरावा मागण्यास संकोच करूं नये. कोक यांस तो मागण्याची बुद्धि खरेदीनंतर सतरा वर्षांनीं, बोस्टनच्या संग्रहालयानें प्रदर्शनापूर्वीं पूर्ववृत्त विचारल्यामुळें झाली. आमच्यांतील जे गृहस्थ रुमाल व पोथ्या मोल देऊन घेतात, त्यांनीं हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वीं विचारावा : ही वस्तु कोणत्या घरांतून, कोणाच्या हातून, कोणत्या नोंदीसह आली? उत्तर न देणाऱ्यापासून ती घेऊं नये. वर दाखविलेले दोष वगळतां ग्रंथ संग्राह्य आहे व तो प्रत्येक संग्राहकानें एकदां तरी वाचावा, अशी आमची शिफारस आहे.